आम्हाला दोन मिळतात

सत्ताविसाव्या प्रश्नापर्यंत येईस्तोवर झेयनेपचा दिवस चांगला चालला होता. चारशे बारा अर्ज टेबलावर होते, सगळे भट्टी विभागाचे, सगळे बिननावाचे. दरवर्षी असेच अर्ज यायचे आणि दरवर्षी ते डोळे मिटून वाचले तरी चालायचे, कारण एकूण एक माणूस पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत 'पूर्ण समाधानी' वर खूण करून मोकळा व्हायचा. या गावात कुणाच्या घरी जेवायला गेलं आणि मटण कच्चं निघालं तरी कुणी बोलत नाही, दुसऱ्यांदा वाढून घेतात. कारखान्याच्या बाबतीतही लोकांनी तोच शिष्टाचार पाळला होता.

यंदा मात्र लोकांनी लिहिलं होतं, आणि भरभरून लिहिलं होतं. बढतीच्या प्रश्नाखाली एकाने लिहिलं, "आमच्या विभागात वर चढायला दोनच गोष्टी लागतात, क्रेनची शिडी किंवा वजनदार सासरा." चार दिवस काम आणि चार दिवस सुट्टी या पद्धतीबद्दल एकीने लिहिलं, "सुट्टीचे दोन दिवस मी झोपते, उरलेले दोन दिवस सासूबाई पाहुणे बोलावतात. मला वाटतं कामाचे दिवस वाढवावेत." आरोग्यधामाच्या सहलीत दरवर्षी तीच ती ऑफिसातली मंडळी तळ्याकाठी ऊन खात बसतात, असं तर साठ-सत्तर जणांनी लिहिलं होतं. झेयनेप वाचता वाचता एकटीच हसत होती.

मग तो सत्ताविसावा प्रश्न आला. 'आरोग्यरक्षणासाठी मिळणारं दूध तुम्ही पिता का?' चारशे बारांपैकी तीनशे एकाहत्तर जणांनी 'नाही' वर खूण केली होती.

उत्तर खोटं नव्हतं, भयंकर खरं होतं. भट्टीच्या धुरात काम करणाऱ्याला दर पाळीला अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी मिळायची, तिच्या आजीच्या काळापासून मिळत आली होती. नियम असा, की ते तिथेच प्यायचं. आवाराबाहेर न्यायला मनाई, तशी पाटीच फाटकावर होती, इतकी जुनी की तिच्यावरचा गंज दर वर्षी रंगवून झाकावा लागे. आणि दर पाळी सुटताना त्याच पाटीखालून बायका-पुरुष पिशव्या पोटाशी धरून, कोटाची बटणं लावून बाहेर पडत. फाटकावरचा ओमीर्झाक त्या वेळेला नेमका आभाळाकडे बघत असे. पाऊस नाही, ढग नाही, पण त्याला आभाळात रोज काहीतरी सापडायचं. दूध घरी जायचं, पोरांच्या पोटात जायचं, आणि उरलंसुरलं चहात, कारण बिनदुधाचा चहा या गावात फक्त आजाऱ्याला देतात.

झेयनेपला हे कुणी सांगायची गरज नव्हती. कर्मचारी विभागाच्या खुर्चीत बसून तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याआधी पंधरा वर्षं ती भट्टीवरची क्रेन चालवत होती, आणि त्यातली तेरा वर्षं, म्हणजे मुलगी तोग्झान चार वर्षांची झाल्यापासून ती शाळा संपवेपर्यंत, तिनेही कोटाची बटणं लावली होती.

खरा सल वेगळाच होता. लोकांना खरं लिहायला लावलं होतं तिनेच.

तीन आठवड्यांपूर्वी ती अर्जांचा गठ्ठा घेऊन भट्टी विभागाच्या चहाच्या खोलीत गेली होती. लाकडी बाकावर बीबीजान आपा बसल्या होत्या. तीस वर्षं झाली त्यांना भट्टीवर, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि त्यांच्या जिभेला कारखान्याचा कारभारीसुद्धा वचकून असायचा.

"आली बघा पांढऱ्या इमारतीतली बाई," आपा म्हणाल्या. "बूट बघा कसे चकाकतायत. पोरी, इथली राख लागेल हो."

"लागू दे आपा. जुनी ओळख आहे राखेची."

"अर्ज काय, ठेव तिथे. संध्याकाळी सगळ्यांचे मिळून मीच भरते. खूण कुठे करायची ते हाताला पाठ झालंय."

तेव्हा झेयनेप बाकावर चढून उभी राहिली होती. अजून आठवलं की तिला स्वतःचीच लाज वाटायची. "या खेपेला खरं लिहा," ती म्हणाली होती. "नाव नाही, सही नाही. मी तुमच्यातलीच आहे. तुम्ही काही लिहिलंच नाही तर वर मी काय सांगू? सगळे सुखात आहेत म्हणून?"

"आणि अंगाशी आलं तर?" क्रेनवरचा सान्झार म्हणाला होता. पंचविशीचा तरणाताठा गडी, दंड दाखवायला हिवाळ्यातही बाह्या दुमडून फिरायचा.

"माझ्या अंगाशी येईल, तुमच्या नाही."

लोकांनी विश्वास ठेवला होता. प्रश्न अल्माटीच्या सल्लागारांनी काढले होते, पण छापायला जाण्यापूर्वी ते तिच्या नजरेखालून गेले होते. सत्ताविसावा तिने वाचला होता आणि सोडून दिला होता. इथे सगळे मुकाट 'हो' म्हणतील असं ती धरून चालली होती. 'तुम्ही पिता का' असं विचारलं होतं आणि लोकांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, आम्ही नाही पीत. कोण पितं, असं कुणी विचारलंच नव्हतं.

इन्ना पाव्हलोव्हनांनी तो आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या कर्मचारी विभागाच्या प्रमुख. वसंतात निवृत्त होऊन मुलाकडे जाणार होत्या आणि आपली खुर्ची झेयनेपला मिळावी म्हणून त्यांनी वर शब्द टाकला होता. क्रेनवरून कुणी त्या खुर्चीपर्यंत पोचल्याचं आजवर घडलं नव्हतं.

"बघ, मी दहा वर्षं सांगतेय, ही दुधाची भानगड बंद करा," त्या म्हणाल्या. "कुणाला नको आहे. त्याऐवजी व्यायामशाळेचं कार्ड देऊ. अस्तानातल्या सगळ्या कंपन्या देतात. गुरुवारच्या बैठकीत तूच मांड. तुझ्याच लोकांचं मत, तुझ्याच तोंडून. येरेके खूश होतील, आणि मग माझ्या खुर्चीचं बोलायला मला तोंड राहील."

येरेके म्हणजे संचालक येरदाउलेत. मानाने सगळे त्यांना येरेके म्हणत. ते याच गावचे. त्यांची आई याच कारखान्यात, तांबं शुद्ध करायच्या इमारतीत कामाला होती आणि साठी न बघताच गेली, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. पण ते परदेशी शिकून आले होते, कमी बोलायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचायची सोय नव्हती.

"लोक दूध का पीत नाहीत, ते विचारायला हवं होतं," झेयनेप कशीबशी म्हणाली.

"का म्हणजे? आवडत नसेल. टाकून देत असतील." इन्ना पाव्हलोव्हनांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "की दुसरं काही करतात?"

झेयनेपने अर्जांचा गठ्ठा सारखा केला. दुसरं काही करतात म्हणावं, तर उद्यापासून फाटकावर झडती सुरू होणार. ज्याच्या कोटात पिशवी सापडेल त्याला लेखी ताकीद, ताकीद मिळाली की वर्षाचा बोनस गेला आणि आरोग्यधामाचा नंबर गेला, आणि ओमीर्झाकची तर नोकरीच गेली. काही करत नाहीत म्हणावं, तर दूधच गेलं. बोललं तरी लोक अडकणार, गप्प बसलं तरी बुडणार. आणि बाकावर चढून भाषण ठोकणारी तीच.

बुधवारी दुपारी ती भट्टीवर गेली. बीबीजान आपांना बाजूला घेऊन तिने सगळं सांगितलं. आपांनी ऐकून घेतलं, मग कोटाच्या खिशातून सुकवलेल्या दह्याचा एक खडा काढून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"तीस वर्षं मी 'समाधानी' लिहीत होते," त्या म्हणाल्या. "एकदा तुझं ऐकलं. वा."

"आपा, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. रडतेस कशाला, इथे धुराने डोळे आधीच चुरचुरतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. आम्ही घरी नेतो असं बोलू नकोस. दूध गेलं तर जाईल. माझा नातू पाण्याचा चहा पिईल. पण ओमीर्झाकला पाच पोरं आहेत."

सान्झारने अर्धवट ऐकलं होतं. तो म्हणाला, "दूध गेलं तर जाऊ दे ना आपा. व्यायामशाळेचं कार्ड मिळणार असेल तर मला चालेल. मला पोर ना बाळ. ती पिशवी मी शेजारणीला देतो."

"दंड वाढवून काय करणारेस, बटणं तर दाबायचीत," बीबीजान आपा म्हणाल्या. "लग्न कर आधी, मग मत मांड."

सगळे हसले. झेयनेपलाही हसू आलं, पण सान्झारचं बोलणं तिला टोचलं. तोही खरंच बोलत होता. प्रत्येकाचं खरं वेगळं होतं आणि वर नेऊन मांडायला तिच्याकडे फक्त 'हो' आणि 'नाही' चे दोन रकाने होते.

घरी जाताना तिला तोग्झानचं लहानपण आठवत राहिलं. पोर पाच वर्षांची असेल. पेला तोंडाला लावायच्या आधी विचारायची, "आई, तू?" झेयनेप पहिल्यांदा अडखळली, मग तिने ठोकून दिलं, "आम्हाला दोन मिळतात. एक मी तिकडेच प्यायले. बघ, अजून ओठाला लागलंय." आणि ओठ पुसल्याचं सोंग केलं. पुढे ते सोंग रोजचंच झालं. तोग्झान आता करागांदात शिकत होती, आईपेक्षा हातभर उंच झाली होती.

गुरुवारच्या बैठकीत नऊ माणसं होती. टेबलावर चहा आणि बाउरसाकचे तळलेले गोळे होते, पण येरेकेंनी हात लावला नव्हता म्हणून कुणीच लावला नव्हता. झेयनेपने बढतीबद्दलची मतं वाचली. वजनदार सासऱ्याचं वाक्य तिने गाळलं नाही, तेव्हा दोन माणसांनी खाली पाहिलं. कामाच्या पाळ्या झाल्या, आरोग्यधाम झालं. मग तिने सत्ताविसाव्या प्रश्नाचा आकडा सांगितला.

"नव्वद टक्के पीत नाहीत," इन्ना पाव्हलोव्हना लगेच म्हणाल्या. "आमची सूचना अशी आहे, की दुधाऐवजी..."

"मग दूध जातं कुठे?" येरेकेंनी विचारलं.

इन्ना पाव्हलोव्हना म्हणाल्या, "टाकून देत असतील."

या गावात कुणी दूध टाकत नाही. सांडलं तरी बोट बुडवून कपाळाला लावतात. झेयनेप उभी राहिली. बसून बोलायचं होतं, पण पाय आपोआप उभे राहिले.

"बाकीच्यांचं मला सांगता येणार नाही, त्यांना तसं विचारलंच नव्हतं. माझं सांगते," ती म्हणाली. "मी पंधरा वर्षं क्रेनवर होते. तेरा वर्षं माझं दूध मी घरी नेलं. एक दिवससुद्धा प्यायले नाही."

कायद्याचं बघणारे गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. "ते नियमाविरुद्ध आहे."

"माहीत आहे. पाटी वाचता येते मला."

"फाटकावर कुणी अडवलं नाही?"

"कोटाच्या आत होती पिशवी. आतलं त्यांना कसं दिसणार."

"आणि तुम्ही एकट्याच नेत होतात, असं समजायचं का आम्ही?"

"अर्जावर कुणाचंच नाव नाही," झेयनेप म्हणाली. "माझं नाव मला ठाऊक होतं, ते मी सांगितलं."

इन्ना पाव्हलोव्हनांनी कपाळावर हात टेकवला. त्यांची खुर्ची टेबलाच्या त्या बाजूला होती, आणि ती आता आपल्यापासून दूर चाललीय हे झेयनेपला स्पष्ट दिसत होतं. तिला भीती वाटत होती.

येरेके इतका वेळ पेन फिरवत होते. ते म्हणाले, "घरी काय सांगायचात?"

"कुणाला?"

"मुलीला. मुलं विचारतात ना, आई तू का नाही पीत म्हणून."

झेयनेपला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "सांगायचे, आम्हाला दोन मिळतात," ती म्हणाली. "एक मी तिकडेच प्यायले."

येरेकेंचं पेन थांबलं. ते उठून खिडकीपाशी गेले. खिडकीतून भट्टीची धुरांडी दिसत होती आणि त्यांच्या पलीकडे तांबं शुद्ध करायची जुनी इमारत. ते पाठमोरे होते. बाकीची आठ माणसं थंड होत चाललेल्या चहाकडे बघत बसली.

"दहा मिनिटं थांबू या," येरेके म्हणाले. वळले मात्र नाहीत.

तीन आठवड्यांनी दोन कागद निघाले. पहिला झेयनेपच्या नावचा होता. तेरा वर्षं नियमभंग केल्याबद्दल लेखी ताकीद, यंदाचा बोनस रद्द. त्यावर येरेकेंचीच सही होती आणि ती नेहमीपेक्षा जरा लहान होती, निदान झेयनेपला तरी तसं वाटलं. ताकीद मिळालेल्या माणसाला विभागाचं प्रमुख करता येत नाही. इन्ना पाव्हलोव्हनांच्या जागी अस्तानाहून एक हुशार बाई आल्या. झेयनेपला वाईट वाटलं. मन मोठं करून 'काही वाटलं नाही' म्हणण्यातली ती नव्हती. ती जागा तिला हवी होती, त्यासाठी तिने दोन वर्षं जीव तोडून काम केलं होतं, आणि ताकीद मिळाली त्या दिवशी ती न्हाणीघराचं दार लावून पोटभर रडली.

दुसरा कागद भट्टी विभागाच्या भिंतीवर लागला. पुढच्या पहिल्या तारखेपासून दर पाळीला दर माणशी दुधाच्या दोन पिशव्या. एक खिडकीवरच कोपरा कापून दिली जाईल आणि ती परिचारिकेसमोर प्यावी लागेल. दुसरी बंद मिळेल. दुसरीचं काय करायचं याबद्दल कागदात एक शब्दही नव्हता. फाटकावरची पाटी रंगवायला म्हणून काढली, ती परत लागलीच नाही. ओमीर्झाकची मोठी पंचाईत झाली, पाळी सुटताना आता नजर कुठे ठेवावी ते त्याला कळेना. व्यायामशाळेचं कार्ड बारगळलं. सान्झार झेयनेपशी अबोला धरून बसला. क्रेनवरून दिसली की मान फिरवायचा. तिने त्याला दोष दिला नाही.

पहिल्या तारखेला ती मुद्दाम दूधवाटपाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. रांगेत बीबीजान आपा होत्या. कोपरा कापलेली पिशवी हातात आली, तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"प्यायची का आता?"

"प्यायची आपा. ती परिचारिका बघतेय."

आपांनी एक घोट घेतला. मग थांबल्या. मग दुसरा घेतला. "हे असं लागतं होय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं वाहून नेलं. मला वाटायचं, काय अमृत असेल. पातळ आहे गं." पण शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या, आणि ओठ मुद्दाम न पुसता उभ्या राहिल्या. मग बंद पिशवी त्यांनी झेयनेपच्या हातात कोंबली.

"आपा, नातवाला न्या. मला ऑफिसात चहा मिळतो."

"नातवाला उद्या. आजची तुझी. आणि घरी नेलीस तर बघ, मी स्वतः वर जाऊन तक्रार करीन."

झेयनेप बाहेर येऊन गोदामाच्या भिंतीशी उन्हात बसली. पिशवीचा कोपरा दाताने फाडला. मग काय वाटलं कोण जाणे, तिने करागांदाला फोन लावला. तोग्झानला तिने सगळी हकिगत सांगितली, ताकीद, खुर्ची, येरेके, दोन पिशव्या. पुढचं बोलणं अवघड होतं.

"एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "तुझ्या लहानपणी मी म्हणायचे ना, आम्हाला दोन मिळतात..."

"एकच मिळायची. माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तिसरीपासून. आमच्या वर्गात सगळ्यांच्या आयांना दोन मिळायच्या. फक्त गुल्देनचे बाबा त्या खिडकीवर दूध वाटायला होते. ती एकदा म्हणाली, कुणालाच दोन मिळत नाहीत, एकच मिळते. आधी आम्ही तिला खोटारडी म्हटलं. मग सगळ्या गप्प झालो."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"आम्ही मुलींनी ठरवलं, घरी कुणी काही बोलायचं नाही. तू रोज ते ओठ पुसायचीस ना. फार मजेत पुसायचीस."

भिंतीपलीकडे क्रेनची घंटा वाजली आणि बंद झाली. झेयनेप हातातल्या पिशवीकडे बघत राहिली.

"आई? आहेस ना? काय करतेयस?"

"आहे," झेयनेप म्हणाली. "दूध पितेय."